भात सोडलेला जावई

साताऱ्याहून निघताना बायकोने विचारलं, "मित्राला भेटायला चाललात की त्याचं वजन करायला?" खोटं कशाला बोलू, त्यातल्या दुसऱ्याच कामासाठी निघालो होतो. विनायक हा माझा कॉलेजच्या दिवसांतला खोलीसोबती. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला सरकारी कारखान्यात नोकरी करतो. आमची पोटं एकाच सुमारास सुटली आणि जोडीने वाढली. पण यंदाच्या पावसाळ्यात त्याने भात, पोळी, साखर, बटाटा सगळं बंद केलं, आणि दिवाळीत जो फोटो पाठवला त्यात त्याच्या सदऱ्यात आणखी एक माणूस मावला असता. हा उपाय खरा की खोटा, आणि खरा असला तर आपल्याला झेपेल का, हे डोळ्यांनी पाहावं म्हणून मी नागपूरची गाडी धरली.

नागपूरहून एसटीने जवाहरनगर गाठलं. सारख्या तोंडवळ्याची क्वार्टर्स, रुंद रस्ते, कारखान्याच्या बसची वाट पाहणारी माणसं. विनायक दारातच उभा होता. गाल आत गेलेले, पोट नाहीसं झालेलं.

"पाहून काय राहिला? मीच आहो," तो म्हणाला.

त्याच्या बायकोने, सुनंदाने, माझ्यापुढे तर्री-पोहे (झणझणीत रस्सा ओतलेले पोहे) ठेवले आणि त्याच्यापुढे दोन उकडलेली अंडी आणि काकडी. अंड्यांआधी त्याने मधुमेहाची गोळी घेतली. गोळी बरीच वर्षं चालू आहे, हे मला ठाऊक होतं.

"भात सोडला हे डॉक्टरला सांगितलंस का?" मी विचारलं.

"सांगायचं काय त्यात? वजन उतरून राहिलं, साखर उतरून राहिली. फोनवर व्हिडिओत एक माणूस सगळं समजावून सांगते."

सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "उतरून राहिलं ते खरं हाये, भाऊ. पण झोपेत घाम येते यायले, हात कापते. डॉक्टरकडे चला म्हटलं तर मलेच रागावते. मले भेव वाटते."

विनायक हसला. मीही हसलो, कारण माझं लक्ष पोह्यांत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं लाखांदूरजवळच्या सुनंदाच्या माहेरी निघालो. तिथे मंडई होती. आमच्याकडे मंडई म्हणजे भाजीबाजार. इकडे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा. लेकी-जावई येतात, दिवसा दंडार (नाचगाण्याचं उघड्यावरचं नाटक) होते आणि ज्या घरी जाल तिथे काहीतरी खावंच लागतं. अड्याळला बस थांबली तेव्हा मी दोन आलूबोंडे खाल्ले. विनायकने बिनसाखरेचा चहा घेतला आणि माझ्या हाताकडे पाहत राहिला. पवनीच्या पुढे दोन्ही बाजूंना बांध्या (धानाची बांधलेली शेतं) लागल्या. हलका (लवकर येणारा) धान कापून झालेला, भारी (उशिरा येणारा) अजून उभा. जिथे नजर जाईल तिथे भातच पिकत होता, आणि माझ्या शेजारी भात सोडलेला माणूस बसला होता.

सासरे सोमाजी उंच, कडक गृहस्थ. गावात दारू विकू नये म्हणून ऐन जवानीत भांडले होते, आजही कुणी पिऊन दारात आला तर त्याला पाणीसुद्धा देत नाहीत. जेवायला बसलो. कोचईच्या (अळूच्या) पानांच्या वड्या, बोडीतले (शेततळ्यातले) मासे आणि मधोमध नव्या तांदळाचा वाफाळता ढीग. इथे जेवण म्हणजे भात. बाकी सगळं तोंडी लावणं. विनायकने ताटावर हात आडवा धरला.

"जवाई, घरचा नवा धान हाये. आजच शिजवला," सोमाजी म्हणाले.

"बाबा, मी भात सोडला."

"सोडाले ते काय व्यसन हाये?"

विनायकने मासे खाल्ले. सासूबाईंनी त्याच्या वाट्याचा भात माझ्या ताटात लोटला, आणि सासुरवाडीचं जेवण जावयाऐवजी त्याच्या मित्राने संपवलं. पुढे तीन घरी गेलो. तिथेही विनायकने पाण्यावरच भागवलं.

दुपार कलताना आम्ही दंडारीपाशी उभे होतो. विनायक फुगेवाल्याशी उगाच भांडू लागला. एरवी मुंगीच्याही वाटेला न जाणारा माणूस. शब्द अडखळत होते, कपाळावरून घामाच्या धारा. मी त्याचा दंड धरला तर त्याने झिडकारलं, दोन पावलं झोकांडला आणि मातीत बसला.

लोक हसले. मंडईच्या दिवशी असा बसलेला माणूस पाहून गाव दुसरा विचार करत नाही. कुणीतरी ओरडलं, "सोमाजीचे जवाई टुन्न हायेत रे!"

सोमाजी समोरच होते. त्यांनी जावयाकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली. त्या पाठीकडे पाहून मला फार वाईट वाटलं. पण खरं सांगतो, मलाही क्षणभर तीच शंका आली.

सुनंदा बायकांच्या घोळक्यातून धावत आली. तिने नवऱ्याच्या कपाळाला हात लावला. "बाबा, हे प्याले नाही! आंग पाहा, थंडगार हाये. साखर उतरली यायची!" असं म्हणत ती जिलबीवाल्याकडे वळली आणि न विचारता त्याच्या पाकात वाटी बुडवली. विनायकला अजून गिळता येत होतं. तिने घोट घोट पाजलं. काही वेळाने तो माणसासारखं पाहू लागला आणि म्हणाला, "काय झालं? सारे काहून जमा झाले?" सुनंदा तेव्हा रडली.

सकाळी लाखांदूरला डॉक्टरकडे गेलो. सोमाजीही सोबत आले.

"भात सोडला याला माझी हरकत नाही," डॉक्टर म्हणाले. "वजन उतरतं, खोटं नाही. सुरुवातीला त्यात पाणीच जास्त, म्हणून माणूस खूश होतो. पुढचं सगळं किती दिवस निभावता यावर आहे. पण ताट बदललं आणि गोळी जुन्याच ताटाची ठेवली! ही गोळी साखर खाली ओढते, आणि पोटात तर काही नाही." त्यांनी गोळी कमी केली, पुन्हा तपासणीला बोलावलं आणि वरण-भाजीसोबत वाटीभर भात सांगितला.

परतीच्या बसची वाट पाहताना सोमाजी स्टँडवर भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "काल जवाई प्याले नव्हते. साखर कमी झाली होती." लोक मान डोलावत. एक म्हातारा गंभीरपणे म्हणाला, "समजलं ना, बापा. मंडईत लय जणाची कमी होते."

सोमाजी खाली बसले. मग लेकीला म्हणाले, "बाई, म्या पाठ फिरवली. तू नसती तर?"  सुनंदाने त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली.

साताऱ्याला आल्यावर मी सगळ्यात आधी माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेलो. भाकरी तीनची एक केली, तीही त्यांना विचारून. उपाय खरा आहे, एवढं मी पाहून आलो. माणूस पाहून तो करावा, हेही पाहून आलो.

परवा विनायकचा फोन आला. वाटीभर भात सुरू केल्यापासून थोडं वजन परत आलं, असं तो सुतकी आवाजात सांगत होता. मागून सुनंदा म्हणाली, "येऊ द्या ना, भाऊ. घरात माणूस हाये, तर त्याचं वजन राहीनच."