शेवटचा नंबर

पडदा वर जातो तेव्हा समोर एक लोखंडी पलंग दिसतो, दवाखान्यात असतो तसा, डोक्याकडून उचलता येणारा. डावीकडे खिडकी, तिच्यावर जुन्या चादरीचा आडोसा. उजवीकडे ऑक्सिजनचं यंत्र, एकाच सुरात घुरघुरणारं. भिंतीवर घड्याळ, त्यात तीन वाजून दहा मिनिटं. पलंगावर म्हातारे घड्याळजी, डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. आणि दाराच्या वर, छताला खेटून, बशीएवढा एक पांढरा डबा. त्याचा हिरवा दिवा निवांत जळतोय, जणू घरात काही झालंच नाही.

त्या दिव्याखाली शिडीच्या तिसऱ्या पायरीवर जे गृहस्थ उभे होते त्यांना सगळी वस्ती हॅलोकाका म्हणायची. हे नाव त्यांना नाटक कंपनीनं दिलं. तीस वर्षं ते एका फिरत्या कंपनीत माइक लावत होते. दुपारी रिकाम्या खुर्च्यांसमोर उभं राहून एकेका माइकमध्ये 'हॅलो, हॅलो' म्हणायचं आणि शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसानं हात वर केला की पुढच्या माइककडे वळायचं. रंगमंचावरून बोलायला त्यांना मिळालं ते एवढंच. एकदा दुसऱ्या अंकात, ऐन स्वगताच्या वेळी, मधला माइक मेला. हॅलोकाका पोटावर सरपटत फळ्यांच्या खाली शिरले. जोड उंदरांनी कुरतडला होता. त्यांनी दोन्ही टोकं चिमटीत धरली आणि पडदा पडेपर्यंत, चाळीस मिनिटं, तशीच धरून ठेवली. टाळ्या त्यांनी खालून ऐकल्या. बाहेर आले तेव्हा बोटं वळत नव्हती. मालकांनी पाठ थोपटली तर म्हणाले, आवाज पोचला ना, मग झालं.

पुढे कंपनी बंद पडली. माणसं पांगली. हॅलोकाकांच्या हातात वायर तेवढी राहिली. आधी टेलिफोन, मग केबल, मग घरोघरचं इंटरनेट. वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे, पण बोलावलं की शिडी खांद्यावर घेऊन हजर.

घड्याळजींच्या घरी हा पांढरा डबा आठ महिन्यांपूर्वी त्यांनीच लावला होता. घड्याळजींची एक बाजू गेली त्या वेळी लेक धावत आली होती. ती परदेशात मोठ्या इस्पितळात नर्स. परत जायच्या आदल्या दिवशी तिनं हॅलोकाकांना बोलावलं आणि म्हणाली, काका, मला बाबा रोज दिसले पाहिजेत, बाकी तुम्ही काय करायचं ते करा. मागची खोली म्हणजे घराचं शेपूट. मोबाइलची रेंज तिथे कधीच आली नाही. वायफायचा मुख्य डबा पुढच्या खोलीत, आणि मध्ये तीन भिंती, त्यातल्या एकीला टेकून लोकांनी परत न नेलेल्या घड्याळांचं लोखंडी कपाट. म्हणून हॅलोकाकांनी पुढून मागे वायर ओढली आणि तिच्या टोकाला मागच्या खोलीत वायफाय देणारा हा ॲक्सेस पॉइंट बसवला. तेव्हापासून रोज दुपारी चार वाजता लेकीला वीस मिनिटांची सुट्टी मिळायची आणि ती फोनच्या काचेत येऊन बाबांशी बोलायची. घड्याळजींना जेवायची शुद्ध नसायची, पण पावणेचारपासून डोळे फोनकडे लागायचे.

तीन दिवसांपूर्वी इंटरनेट कंपनीचा माणूस आला आणि पुढच्या खोलीतला जुना डबा काढून नवा लावून गेला. त्या दिवसापासून मागच्या खोलीत फोनवर वायफायच्या रेघा पूर्ण दिसायच्या आणि लेकीच्या जागी एक चाक गरगरत राहायचं. पुढच्या खोलीत मात्र, जरासं अडखळत का होईना, चालायचं.

काल दुपारी दोनला हॅलोकाका येऊन गेले होते. सगळे डबे बंद केले, क्रमानं चालू केले, मागच्या खोलीत फोन सुरळीत चालताना डोळ्यांनी पाहिला. चहा घेतला आणि निघाले. त्यांची पाठ वळून दहा मिनिटं झाली नसतील तोच चाक पुन्हा गरगरायला लागलं. पण ते वहिनींना, म्हणजे घड्याळजींच्या बायकोला, चार वाजेपर्यंत कळलं नाही.

मग जे झालं ते आज वहिनींनी दारातच सांगितलं. रडत नव्हत्या, हिशोब द्यावा तशा सांगत होत्या. लेकीचा फोन पुढच्या खोलीत लागला. मग वहिनी पुढून मागे आणि मागून पुढे, निरोप पोचवत. ती विचारतेय जेवलात का. ते म्हणतात, हो. ती विचारतेय दुखतंय का. ते काही म्हणत नाहीत. शेवटी घड्याळजींनी जीभ ओढत ओढत एक वाक्य जुळवलं, तिला म्हणावं, दिसली नाहीस. ते वाक्य घेऊन वहिनी तीन दारं ओलांडून पुढे पोचल्या तर लेकीची सुट्टी संपून फोन बंद झाला होता. रात्रीपासून घड्याळजींनी डोळे उघडले नव्हते. सकाळी डॉक्टर आले. पलंग हलवू नका म्हणाले, लेकीला बोलवायचं तर बोलवा म्हणाले, आणि कधीपर्यंत यायला हवी असं वहिनींनी विचारलं तेव्हा ते दिवसांत बोलले नाहीत, तासांत बोलले. लेकीला विमानानंच दीड दिवस लागणार होता. राहिला होता तो आजचा चार वाजताचा फोन.

घड्याळजींची बहीण, जिला सगळं घर आत्या म्हणतं, पायथ्याशी बसून भावाचे तळवे चोळत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "काल हॅलो करून गेलात. आज काय, टाटा करायला आलात?"

हॅलोकाकांनी ते गिळलं आणि कामाला लागले.

आधी वायर. दोन्ही टोकांना टेस्टर लावला, आठही दिवे ओळीनं लागले. वायर शाबूत. मग वीज. तीही ठीक. म्हणजे डबाच गेला असणार. पिशवीत त्यांचा एक जादा डबा नेहमी असायचा, घरूनच सगळी सेटिंग भरून तयार ठेवलेला. जुना उतरवला, जादा चढवला, वायफायचं नाव आणि पासवर्ड पहिलाच टाकला. हिरवा दिवा लागला. वहिनींनी फोन पुढे केला. रेघा पूर्ण, आणि मध्ये चाक.

दोन डबे एकदम नापास होत नाहीत. म्हणजे खोट कंपनीच्या नव्या डब्यात. हॅलोकाकांना मनातून जरा हायसंच वाटलं. पुढच्या खोलीत जाऊन त्यांनी कंपनीला फोन लावला. एक मंजूळ बाई सांगत राहिली की त्यांचा फोन कंपनीसाठी मोलाचा आहे. मग सनई. मग पुन्हा बाई. आत्या आतून म्हणाली, "वाजवा, सनईच वाजवा या घरात आता." साडेतीन वाजले. हॅलोकाकांनी बाईला तिच्या सनईसकट गप्प केलं आणि नवा डबा उलटा केला.

डब्याच्या बुडाला चिठ्ठी होती. घरातल्या वायफायवर प्रत्येक डब्याला, प्रत्येक फोनला एक नंबर असतो, एक ते दोनशे चोपन्न. चिठ्ठीवर नव्या डब्याचा नंबर छापला होता. हॅलोकाकांनी नीट न वाचता, आकड्यामागून आकडा, तो आपल्या फोनमध्ये टाकला. डब्याचं पान उघडलं, वर कंपनीचं नाव. सगळं ठाकठीक. पानावर आणखी खाली काही दिसतंय का ते शांतपणे बघावं म्हणून ते फोन घेऊन मागच्या खोलीत आले, शिडीला टेकले आणि पान पुन्हा उघडलं.

कंपनीचं नाव गेलं होतं. त्या जागी त्यांनी स्वतः, घरी, चष्मा कपाळावर चढवून टाइप केलेली अक्षरं होती. हॅलोकाका, जादा डबा.

नंबर तोच. पुढच्या खोलीत त्या नंबरच्या दाराआड कंपनी, मागच्या खोलीत त्याच दाराआड ते स्वतः. तेव्हा कुठे त्यांनी तो नंबर वाचला. दोनशे चोपन्न.

हा त्यांचा नंबर होता. लावलेल्या प्रत्येक डब्याला ते हाच नंबर देत. शेवटची खुर्ची कुणी मागत नाही, हे नाट्यगृहातलं गणित. लक्षात ठेवायलाही सोपं, आणि वहीत लिहायची गरज नाही. जुन्या डब्यांच्या काळात ते बरोबरही होतं. नव्या डब्यानं मात्र स्वतःसाठी नेमकी शेवटची खुर्ची धरली होती. एकाच भूमिकेचे दोन नट दोन विंगांतून आत आले होते, आणि मागच्या खोलीतला फोन बिचारा जवळच्या नटाकडे तोंड करून वाक्य टाकत होता. त्या नटाकडे पुढचं वाक्यच नव्हतं, बाहेरच्या जगाची वाट फक्त कंपनीच्या डब्याकडे होती. डबा बदलून काय होणार? जादा नटही तीच भूमिका पाठ करून आलेला.

काल चिठ्ठी वाचायला अर्धं मिनिट लागलं असतं. कालच्या दुपारी घड्याळजींचे डोळे उघडे होते.

"काय हो," आत्यानं विचारलं, "कंपनीचाच डबा भिकार ना? मला वाटलंच."

सगळं त्यांच्यासाठी तयार करून ठेवल्यासारखं होतं. नुसती मान डोलवायची होती. वहिनी उशी सारखी करत होत्या. हॅलोकाका शिडीवरून हात काढून त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"कंपनीचा डबा चांगला आहे, वहिनी. चूक माझी आहे. नंबर मी दिला होता. कालच बघायला हवा होता, बघितला नाही."

वहिनींना नंबराचं काही कळलं नसावं. काल हा शब्द कळला. उशी हातात तशीच राहिली. "म्हणजे काल..." एवढं म्हणून त्या थांबल्या. नवऱ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. पंधरा मिनिटं उरली होती.

"भाऊ, आधी ते नीट करा," त्या म्हणाल्या. "मग बघू मला तुम्हाला काय बोलायचंय ते."

नंबर बदलायचं काम मिनिटभराचं. प्रत्येक आकडा दोनदा तपासून टाकला म्हणून तीन मिनिटं लागली. दोनशे चोपन्नच्या जागी दोनशे पन्नास. मग डबा स्वतः विझला आणि पुन्हा उठायला लागला. दिवा तांबडा झाला. तांबडाच राहिला. हॅलोकाकांनी आयुष्यभर तिसरी घंटा आणि पडदा यांच्यामधली शांतता ऐकली होती, पण तिच्यात कधी असं ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरत नव्हतं. आत्याचे हात थांबले होते. अखेर दिवा हिरवा झाला. वहिनींचा फोन घेऊन त्यांनी तपासून पाहिला. चाक नव्हतं. तरी त्यांचा कालच्या स्वतःवर भरवसा नव्हता. ते दारात उभे राहिले, निघाले नाहीत.

बरोबर चारला फोन वाजला. लेक निळ्या गणवेशात, कुठल्याशा पायऱ्यांवर बसलेली. वहिनींनी फोन घड्याळजींच्या तोंडासमोर धरला.

"बाबा, आज दिसतेय ना मी?" ती म्हणाली.

यंत्र घुरघुरत राहिलं.

मग ती बोलायला लागली. वॉर्डातलं, खिडकीबाहेरचं, काहीही. म्हणाली, तुम्ही दिलेलं मनगटी घड्याळ अजून दिवसाला चार मिनिटं पुढे पळतं, इथल्या दुकानात दाखवलं तर तो म्हणाला नवीन घ्या, मी म्हटलं माझे बाबा ठीक करतील. मग तिचं तिलाच ऐकू आलं आणि तिनं काचेत वाकून बाबांचा चेहरा नीट पाहिला. नर्स होती ती. असे चेहरे तिनं रोज पाहिले होते, फक्त असे काचेतून नाही.

"आई," तिनं विचारलं, "ऐकतायत का गं ते?"

वहिनींनी फोन घड्याळजींच्या आणखी जवळ धरला. आत्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. चार वाजून सहा मिनिटं. हॅलोकाका दारातून पलंगापाशी आले. घड्याळजींचा चेहरा त्यांनी पाहिला, छातीवरची चादर पाहिली, ती अजून हलत होती. ते ऐकतायत असं म्हणायचा त्यांना अधिकार नव्हता, आणि नाही म्हणायचाही नव्हता. ज्या एका गोष्टीबद्दल ते खात्रीनं बोलू शकत होते, तेवढीच, फोनकडे वाकून, ते बोलले.

"आवाज खोलीत पोचतोय, पोरी. तू बोलत राहा."