बिनपट्ट्यांची बेस आणि ताईच्या टिकल्या

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सकाळच्या एसटीने साताऱ्याहून सांगलीला उतरले, तर मामा स्टँडवर स्कूटर घेऊन हजर. कुपवाडच्या कारखान्यात लेथवर काम करणारा माझा मामा, त्या दिवशी खास रजा टाकून आलेला... कारण भाचीला बेस गिटार घ्यायची होती.

झालं होतं असं, की आमच्या साताऱ्याच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवणारा सदादादा फौजेत भरती झाला. जायच्या आधी गंमत म्हणून त्यानेच मला थोडंफार शिकवलं होतं. ती जागा मला हवी, असं मी अण्णांना सरळ सांगून टाकलं.

अण्णा म्हणजे ऑर्केस्ट्राचे मालक, आणि अकॉर्डियनही तेच वाजवायचे. त्यांनी अट घातली. स्वतःचं वाद्य आण, कुपवाडच्या कामगारांच्या गणपतीत वाजवून दाखव. जमलं तर जागा तुझी, नाहीतर आहेस तशी कोरसमध्ये उभी राहा.

कोरसमध्ये उभं राहून ‘ला ला ला’ करायचा मला मनस्वी कंटाळा आला होता. मुलींनी गायचं आणि वाद्यं पुरुषांनी वाजवायची, हे तेव्हा कुणी न सांगताच ठरलेलं असायचं. पण त्या जाड तारांचा आवाज मला कानाआधी पोटात ऐकू यायचा... त्याला मी काय करणार?

वाद्यांच्या दुकानात दोनच बेस होत्या. एक नवीकोरी, चकचकीत... किंमत ऐकून मी लावलेला हात काढून घेतला. दुसरी कोपऱ्यात धूळ खात टांगलेली, आपल्याला परवडेल अशी. पण तिच्या दांडीवर पट्ट्याच नव्हत्या!

पट्ट्या म्हणजे फ्रेट्स. बोट कुठे ठेवायचं हे त्या धातूच्या आडव्या पट्ट्याच तर सांगतात. आधीच्या मालकाने झिजल्या म्हणून त्या उपटल्या होत्या आणि खाचांत लाख भरून दांडी अशी गुळगुळीत करून टाकली होती, की खाचांची खूणही दिसत नव्हती. दुकानदार प्रामाणिक माणूस. दोघांनी हौसेने नेली आणि दोघांनीही परत आणून दिली, हे त्याने आधीच सांगितलं.

सदादादाने मला सगळं शिकवलं होतं ते ‘तिसरी पट्टी, पाचवी पट्टी’ असं. आता पट्टीच नाही म्हटल्यावर बोटं चाचपडायला लागली. जो सूर निघाला, तो ऐकून मामाने तोंड वाकडं केलं.

“आगं पोरी, ही तर हंबराय लागली की. हिला तारा लावायच्या का दावं बांधायचं?”

मी ओशाळून गिटार खाली ठेवणार, तेवढ्यात आतल्या खोलीत कुणीतरी तंबोरा जुळवायला बसलं. सांगली-मिरजेकडच्या दुकानात हे चालूच असतं. सहज म्हणून मी त्या षड्जाच्या दिशेने बोट हळूहळू सरकवत नेलं... आणि एका जागी दोन्ही आवाज एक झाले. वाटेत सुरावरून सुरावर घसरत जाणारी जी मींड ऐकू आली, ती पट्ट्यांच्या गिटारवर मी कधीच ऐकली नव्हती. अंगावर सर्रकन काटा आला.

मामाने वाकडं केलेलं तोंड सरळ केलं. मग म्हणाला, “हीच घे. ही बोलती हाय.”

घरी आल्यावर मात्र धीर सुटला. एवढी लांब दांडी, त्यावर कुठे काय शोधायचं? शेवटी ताईच्या टिकल्या घेतल्या आणि कानाने सूर शोधत जिथे जिथे पट्टी असायला हवी, तिथे तिथे डिंकाने एकेक चिकटवून टाकली. तालमीला अण्णांनी ते बघितलं आणि गिटारचं हळदीकुंकू केलंस का, म्हणून विचारलं. सगळे हसले. पण सूर बरोबर लागत होते, मग मला कसली फिकीर!

कुपवाडचा कार्यक्रम. मांडव खच्चून भरलेला, डोक्यावर तापलेले फोकस, हाताला दरदरून घाम... पहिली दोन गाणी छान गेली. तिसऱ्या गाण्यात मी टिकली बघून बोट ठेवलं आणि बेसूर वाजलं.

अण्णांनी मान वळवून बघितलं. घामाने डिंक सुटला होता आणि टिकल्या आपापल्या जागा सोडून फिरायला निघाल्या होत्या! एक तर चक्क माझ्या बोटालाच चिकटली होती. आता कोरस काही सुटत नाही, असंच वाटलं.

मग तो तंबोरा आठवला. मी डोळे मिटून घेतले. दांडी बघायचीच नाही, फक्त अण्णांच्या अकॉर्डियनला कान लावायचा आणि बोट सरकवत त्याला जाऊन भिडायचं... पुढचा सूर सापडला. त्याच्या पुढचाही सापडला. अंतऱ्यावरून धृपदावर येताना मी एक लांब मींड घेतली, आणि मांडवात शिट्ट्या सुरू झाल्या.

वन्समोर आला! अण्णांनी अकॉर्डियन थांबवलं आणि मला एकटीलाच सुरुवात करायची खूण केली. मी वाजवली. पहिल्या रांगेत मामा उभा राहून शेजारपाजारच्यांना सांगत होता, “आमची भाची हाय. आमीच आणली ती गिटार.” इतका आनंद मला त्यानंतरही फार थोड्या वेळा झालाय.

पडदा पडल्यावर अण्णा जवळ आले. दांडीवर एकही टिकली उरली नव्हती. कुठे गेल्या, म्हणून त्यांनी विचारलं. मी हात पुढे केला... दोन बोटांना चिकटलेल्या, एक तळव्याला.

अण्णा हसले. म्हणाले, “पुढच्या कार्यक्रमाला लावू नकोस.”

त्यानंतर मी कोरसमध्ये कधीच उभी राहिले नाही. ती बेस आजही माझ्याकडे आहे, अजूनही बोलते. मामाचे उपकार तर आहेतच... पण ती घरी नेऊन परत दुकानात आणून देणाऱ्या त्या दोघा अनोळखी माणसांचेही मी मनापासून आभार मानते.