वसुधाताईंची सही

वसुधाताई गेल्याचं मला व्हॉट्सॲपवर कळलं. आमच्या अनुवाद एजन्सीच्या साहेबांचा मेसेज होता, 'ताई गेल्या. फार वाईट झालं.' त्याखाली लगेच दुसरा, 'आजची फाइल संध्याकाळपर्यंत पाठवा.' दोन्हींच्या शेवटी तेच जोडलेले हात. किळस आली.

इंग्रजी करार ताई इटालियनमध्ये आणायच्या आणि मी ते तपासायची. वारज्याच्या त्यांच्या घरी एकदा 'इंडेम्निफाय' या एका क्रियापदावर आमची अख्खी दुपार गेली. एजन्सीच्या भाषांतर-यंत्रानं त्याला 'इन्देन्निद्झारे' दिलं होतं, म्हणजे नुकसानभरपाई देणं. ताईंनी मला समोर उभं केलं. "तू पुण्यातली कारखानदार, मी मिलानची कंपनी. तुझ्यावर कुणी दावा ठोकला, तर मी मागाहून पैसे देऊन मोकळी होऊ, की तुझ्या पुढ्यात उभी राहू?" मी म्हटलं, पुढ्यात. "मग 'मानलेवारे' लिही. दुसऱ्याचं ओझं आपल्या अंगावर घेणं, अगं!" साहेब फोनवर वैतागले, "अहो ताई, वाचतंय कोण? यंत्राचंच ठेवा आणि खाली सही करा." "कुणी वाचणारच नसेल, तर सही तरी कशाला हवी?" असं म्हणून ताईंनी फोन ठेवला. त्यानंतर त्यांना एजन्सीचं काम आलं नाही... दुखणं त्याच्याही नंतरचं. शोकसभेत मात्र साहेब डोळे पुसत म्हणाले, ताई आमच्या घरच्याच होत्या.

काही आठवड्यांनी पुण्यातल्या एका कारखान्याचा करार तपासायला आला. त्यात तेच यंत्राचं क्रियापद, आणि खाली अनुवादक म्हणून वसुधाताईंची सही, जुन्या कागदावरून उचलून चिकटवलेली! मी फोन केला तर साहेब शांतपणे म्हणाले, "सर्टिफिकेटला नाव लागतं हो. आणि ताई काय आता तक्रार करणार आहेत?" मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं ही म्हण ऐकून होते, खाणारा त्या दिवशी भेटला. ज्या शब्दाखाली सही करायला त्यांनी जिवंतपणी नकार दिला, त्याच शब्दाखाली मेल्यावर त्यांचं नाव...

ताईंच्या यजमानांना, माधवरावांना, मी तो कागद दाखवला. चष्मा काढून ते म्हणाले, "गेल्यावर तरी सुट्टी द्यायची होती तिला." मग त्यांच्यासमोरच मी कारखान्याला कळवलं की सही करणारी बाई हयात नाही. एजन्सीतलं माझं काम अर्थातच गेलं. गेलं तर गेलं मेलं.

कारखान्यानं तो करार नव्याने करायला थेट माझ्याकडे पाठवला. शब्दकोश सगळे वारज्याला, म्हणून परवा ताईंच्या टेबलाशी जाऊन बसले. बराच वेळ मी मनातल्या मनात वाचत होते. शेवटी स्वयंपाकघरातून माधवराव म्हणाले, "मोठ्यानं वाचा हो. ती मोठ्यानं वाचायची... घर फार गप्प झालंय."