शहर झोपायची वेळ

वगदी हिलमीला डेटाबेस उभारायला एक दुपार पुरली होती. कैरोतल्या शुब्रा भागातल्या खानावळींच्या ऑर्डरी घेणाऱ्या अ‍ॅपसाठी त्याने क्लाउडवर जागा भाड्याने घेतली. माहितीच्या प्रती ठेवणं, देखभाल, सगळं क्लाउडवाली कंपनीच पाहणार होती. ठरवायचं राहिलं एवढंच, की आठवड्यातला कोणता तास दुरुस्तीला द्यायचा. त्या तासात डेटाबेस बंद राहू शकतो. वगदीने शुक्रवारची पहाट दिली, तीन ते चार. शहर झोपलेलं असतं. त्या तासाच्या धोक्याच्या सूचनाही त्याने बंद करून टाकल्या.

रमजान तेव्हा लांब होता. तो आला, आणि दुसऱ्याच शुक्रवारी त्या तासात दुरुस्ती निघाली; ऐन सहरीच्या, रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाच्या गर्दीत ऑर्डरी थांबल्या. कैरोत जन्मलेला, दर रमजानला त्याच वेळी ताटावर बसणारा हा माणूस! कचेरीत त्याने ‘क्लाउडवाल्यांकडूनच काहीतरी झालं’ म्हणून वेळ मारून नेली. कुणी खोलात गेलं नाही.

शनिवारी दुपारी तो उम्म गलालच्या दुकानात गेला. रात्रभर मंद आचेवर शिजलेले बाकल्याचे, मोठ्या घेवड्यासारखे दाणे विकणारी ही बाई अ‍ॅपवरचं त्याचं पहिलं गिऱ्हाईक.

“ये इंजिनियरसाहेब. तुझं यंत्र उत्तम चालतं, बिघडलाय तो आमचा हात.”

“काय झालं, मावशी?”

“काल पहाटे एक ऑर्डर नाही. अख्खा हंडा गटारात ओतला. हिने जिरं करपवलं असणार, लोकांनी तोंड फिरवलं.” तिने मानेनेच सुनेकडे, सबाहकडे खूण केली. “आता हिला हंड्याला हात लावू देत नाही.”

सबाह कोपऱ्यात कांदे सोलत होती. तिने वर पाहिलं नाही.

गप्प बसलं तरी चालणार होतं. वगदीने सबाहकडे पाहिलं.

“जिरं ठीक होतं, मावशी. अ‍ॅपच बंद होतं. ती वेळ मीच दिली होती.”

“सहरीची वेळ? आणि तू काय करत होतास तेव्हा?”

“जेवत होतो.”

आता सबाह बोलली. “इथं हळू सांगून काय उपयोग, दादा? माझं जिरं करपलं, हे सासूबाईंनी भर गल्लीत ओरडून सांगितलं होतं.”

वगदी उठून दारात गेला. समोरचा इस्त्रीवाला, नळावरच्या बायका, सगळे ओळखीचे. पहिल्यांदा तो नुसताच पुटपुटला, ‘जिरं ठीक होतं, चूक माझी.’

“ऐकू नाही आलं,” आतून सबाह म्हणाली.

त्याने पुन्हा सांगितलं, मोठ्याने.