चटणीतली कारळं

चटणी कुटायला जमणाऱ्या बायकांवरचा माझा पीएच.डी.चा विषय ऐकून चुलते पंगतीत सगळ्यांदेखत म्हणाले होते, "चटणीवर कसली डॉक्टरकी?" मला भयंकर राग आला. पण खरं सांगायचं तर उत्तर मलाही येत नव्हतं. रसायनशास्त्रातल्या मैत्रिणीचा डेटा यंत्रातून आकड्यांनी बाहेर पडायचा. मी समाजशास्त्राची, माझा डेटा कुठून पडणार?

म्हणून मी प्रश्नावली केली. उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या बायका वर्षाची चटणी, म्हणजे मसाल्याचं लाल तिखट, कुटून आणायला मिरची कांडपाच्या गिरणीत नंबर लावून बसतात. आपली मिरची दुसरीच्या मिरचीत मिसळेल म्हणून एकजणही जागची हलत नाही. तिथं मी विचारत सुटले, घरात कुणाचं चालतं, काही त्रास आहे का? सगळ्यांचं उत्तर एकच, "सगळं बरं हाय." मार्गदर्शक मॅडम कागद चाळून म्हणाल्या, "म्हणजे कोल्हापुरात दुःखच नाही म्हणायचं!"

मग प्रश्न गुंडाळले आणि नुसतीच जाऊन बसू लागले. शेजारच्या काकूंना विचारलं, रेकॉर्ड करू का? "कर की, चटणीत काय लपवायचं हाय?" मिरची, लसूण, खोबरं, कारळं असं सांगता सांगता त्या लेकीवर आल्या. जावई परगावी कामाला गेलाय, असं त्यांनी गल्लीत सांगितलं होतं. खरं म्हणजे तो मारत होता आणि लेक परत जायला तयार नव्हती. मिरची कुटणाऱ्या डंकाच्या धडधडीत पलीकडच्या बाईला काही ऐकू जात नव्हतं. काकू माझ्या कानाशी वाकल्या होत्या आणि माझ्या गळ्यात अडकवलेला मोबाईल सुरूच होता.

मॅडम खूश झाल्या. "हाच तुझा डेटा. शब्दन् शब्द उतरव, फक्त नाव बदल." मी नाव बदललं, गल्ली बदलली आणि हौसेनं आईला वाचून दाखवायला बसले. दुसऱ्याच पानावर तिनं मला थांबवलं.

"ही शेजारची की. चटणीत कारळं आणि कोण घालतंय हितं?" मग आवाज उतरवून म्हणाली, "पोरीला मारतोय व्हय त्यो?"

मॅडमना कारळं काढून टाकते म्हटलं, तर म्हणाल्या, "आज कारळं, उद्या लसूण. मग उरलं काय?" त्यांचंही चुकत नव्हतं. पण चटणीसाठी दिलेली परवानगी लेकीसाठीही होती का, हे मला कोणत्याच पुस्तकात सापडेना.

शेवटी काकूंकडे गेले आणि रेकॉर्डिंग लावलं. त्यांनी ते पूर्ण ऐकलं. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या,

"हे मी तुला सांगितलंतं. मोबाईलला न्हाय."

मी त्यांच्यासमोरच ते पुसलं. प्रबंधातलं प्रकरण गेलं, मॅडम महिनाभर नीट बोलल्या नाहीत. मला वाईट वाटलं आणि थोडी चीडही आली. पण निदान काकू तरी राहिल्या, असं मी मनाला समजावत होते.

यंदा गिरणीत मुद्दाम त्यांच्या शेजारी बसले. मोबाईल घरी ठेवला होता. डंक सुरू झाला तशी त्यांच्या कानाशी वाकून लेकीचं विचारलं, "काकू, ताई कशी आहे?"

त्या आपली मिरची चाळवत राहिल्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "सगळं बरं हाय."