कॅरॅव्हॅनखालची बाळंतीण
काल सासूबाईंनी छताच्या स्मोक अलार्मला शॉवर कॅप घातली, माझ्या खाटेखाली ओव्याची धुरी सरकवली, आणि त्या वासासरशी मला तो उन्हाळा आठवला. म्युनिकमध्ये घर मिळेना म्हणून आम्ही दोघं तेव्हा तळ्याकाठच्या कॅम्पिंगवर भाड्याच्या कॅरॅव्हॅनमध्ये राहत होतो. सासूबाईही आल्या होत्या. अशात कॅरॅव्हॅनखाली एक भटकी मांजर व्यायली. कॅम्पिंग सांभाळणाऱ्या बाई कडाडल्या, "रविवारपर्यंत मांजरं गेली नाहीत तर तुम्ही जा!" धुराने मांजरं पळतात असं कुठेसं वाचलेलं, म्हणून "आई, धूर करून हिला पळवा" एवढं सांगून मी ऑफिसला गेले. संध्याकाळी येऊन वाकून बघते तर ओवा-बाळंतशेपांचा मंद धूर, आणि त्यात मांजर डोळे मिटून ऐसपैस पसरलेली, चारही पिल्लं तिला लुचतायत. "अहो आई, पळवायचं होतं ना तिला?" "बाळंतिणीला? सव्वा महिना ती कुठे हलायची नाही. सांग त्या बाईंना!" बाई आल्याच तेवढ्यात. मी चाचरत जर्मनमध्ये सांगितलं. त्या खाली वाकल्या, बराच वेळ मांजरीकडे बघत राहिल्या, "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणाल्या आणि जुनं ब्लँकेट घेऊन आल्या. सव्वा महिन्याने मांजर आपणहून निघाली, एकेक पिल्लू तोंडात धरून, थेट त्या बाईंच्याच व्हरांड्यात. तेव्हा मी पोट धरून हसले होते. काल मात्र कुशीत बाळ होतं, पाठीला ऊब होती, डोळे आपोआप मिटत होते. दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे आजोबा धुराचं विचारायला आले होते. मी पडल्यापडल्याच नवऱ्याला ओरडून म्हटलं, "सांग त्यांना, सव्वा महिना मी कुठे हलायची नाही!"