पिवळ्या पात्याच्या चकत्या

माझ्या दादाला घरी बोलवायचं म्हणजे डोक्याला ताप. तो हेलिकॉप्टरचा मेकॅनिक, आणि वरच्या पात्यांचा तोल सांभाळणं हे त्याचं खास काम. एकवीस वर्षं थरथर शोधण्यात गेल्यामुळे त्याला दुसरं काही दिसतच नाही. आला की आधी पंख्याकडे बघतो. चहा निवत ठेवून स्टुलावर चढतो आणि पंख्याच्या पात्याला चिकटपट्टी लावतो. मग वॉशिंग मशीनखाली पुठ्ठे सारतो. वहिनी म्हणते, "भीक नको, पण कुत्रं आवर." सख्ख्या भावाबद्दल असं ऐकून मला राग यायला हवा, पण येत नाही.

त्यात माझं नशीब असं, की ज्या हेलिकॉप्टरवर 'उडायला योग्य' म्हणून हा सही करतो ते माझा नवरा उडवतो. डोंगरापलीकडच्या दवाखान्यात डॉक्टर पोचवायचे, येताना पेशंट आणायचे.

महिन्यापूर्वी माझ्या सासूबाईंसमोर दादा म्हणाला, "जावईबापू, तुम्ही मशीन उतरवता की आपटता?" नवरा कसला ऐकून घेतोय! "तुम्हाला पात्याची कुजबुज ऐकू येते, घरात बायको ओरडते ती मात्र नाही." झालं, अबोला सुरू. कामावर कागदापुरतं बोलायचं, बाकी सगळे निरोप माझ्यामार्फत. "त्याला सांग", "तुझ्या भावाला विचार". दोघांची मिळून वयं नव्वदच्या पुढे, आणि वागणं शाळेच्या बाकावरचं.

नेमकं याच महिन्यात मशीन थरथरायला लागलं. त्याला तीन पाती. ओळखू यावीत म्हणून टोकांना लाल, निळा आणि पिवळा पट्टा. तिघांनी एका रेषेत फिरायचं आणि एकमेकांना तोलून धरायचं. जरा इकडेतिकडे झालं की थरथर थेट खुर्चीत. दादाने यंत्र लावून मोजलं, पिवळ्या पात्याच्या मुळाशी वजनाची छोटी चकती बसवली, थरथरीचा आकडा खाली आला. ज्याने तोल साधला त्यानेच चाचणीच्या उड्डाणात बसायचं, असा तिथला नियम. त्यामुळे दोघं फुगलेल्या तोंडांनी शेजारी बसून दहा मिनिटं फिरून आले. दादाने सही केली.

आठवड्याच्या मोजणीत पुन्हा थरथर. पुन्हा पिवळ्यालाच चकती. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी दादाने चकती हातात घेतली आणि खाली ठेवली. "दुखतंय कुठे ते माहीत नाही, आणि मी नुसत्या गोळ्या देतोय," म्हणाला. त्याने पातंच उतरवलं आणि बोटाएवढ्या हातोडीने इंच इंच ठोकून ऐकत बसला. कुठे काही सापडेना. तीन दिवस हेलिकॉप्टर जमिनीवर.

साहेब भडकले. "अहो, चकती टाकली की आकडा मर्यादेत येतो ना? मग टाका आणि करा सही! उद्या सकाळी चार डॉक्टर न्यायचेत. तुम्ही केली नाही तर दुसरा करेल." जाण्याचं उड्डाण तासाभराचं, सगळं डोंगरांवरून. नवरा घरी म्हणाला, "तुझा भाऊ मुद्दाम करतोय."

दुपारी वहिनीचा फोन. "तीन दिवस डबा तसाच परत येतोय. भाऊ तुमचा, तुम्हीच भरवा." मी डबा घेऊन हँगरमध्ये गेले. दोन लाकडी घोड्यांवर पातं आडवं ठेवलेलं, आणि हा त्याला कान लावून वाकलेला.

"आधी जेव."

"ठेव तिथं."

"अरे किती ठोकशील? पातं आहे, दार नाही. आतून कोणी 'कोण आहे' म्हणणार नाही."

तो उसळला. "मग तूच सांग काय बिघडलंय! दहा मिनिटं फिरलो की सगळं छान. तुझा नवरा रोज वहीत लिहितो, 'ठीक'. मग आठवड्यात आकडा चढतो कसा?"

"ठीक कसलं डोंबलाचं!" माझ्या तोंडून निघून गेलं. "अर्ध्या तासानंतर थरथरीने दात वाजतात म्हणतो. रोज माझ्यापाशी कटकट."

दादाचा हात थांबला. "अर्ध्या तासानंतर? आधी नाही?"

"आधी नाही."

"मग लिहीत का नाही?"

"लिहिलं की तू मशीन चार दिवस बसवून ठेवतोस, म्हणून!"

मला वाटलं आता फुटणार. पण त्याने माणसं बोलावून पातं परत चढवलं, चारही चकत्या होत्या तशा लावल्या आणि तडक पायलटांच्या खोलीत गेला. मी मागोमाग. "चला," तो नवऱ्याला म्हणाला, "पाऊण तास उडायचंय." नवऱ्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मग हेल्मेट उचललं.

बत्तिसाव्या मिनिटाला आकडा चढू लागला, आणि ते मागे वळले. पाती थांबताच दादा शिडी चढला आणि पिवळ्या पात्याच्या मुळाशी हात घातला. तिथे रबराचा डॅम्पर असतो, पात्याची पुढेमागे चुळबूळ जिरवणारा. थंड असताना तो शहाण्यासारखा वागायचा. तापला की आतलं रबर धातूपासून सुटायचं. पातं निर्दोष होतं. "अजून किती टिकला असता?" नवऱ्याने विचारलं. "उद्यापर्यंत टिकला असता असंही सांगता येत नाही," दादा म्हणाला. मी तिथेच टूलबॉक्सवर बसले.

डॅम्पर बदलला, चारही चकत्या निघाल्या, डॉक्टर एक दिवस उशिरा गेले. दादाने स्वतःहून लेखी दिलं, की चार वेळा चकत्या टाकून मी दोष झाकला. साहेबांनी तीन महिने त्याचा सहीचा अधिकार काढून घेतला. नवऱ्याच्या 'ठीक'बद्दल कागदात अवाक्षर नव्हतं. ते नवऱ्याने आपणहून जाऊन सांगितलं, आणि त्यालाही समज मिळाली.

रविवारी दादा जेवायला आला. दोघं आपले छान बोलत होते, जणू काही झालंच नाही! माझं मात्र डोकं फिरलं. दादा स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला तेव्हा मी त्याला धरलं. "सगळं स्वतःच्या अंगावर घ्यायची काय गरज होती? लपवलं याने, आणि सही गेली तुझी!"

दादाने पेला ठेवला. "त्याने सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही. मी विचारलं नाही, कारण आम्ही बोलत नव्हतो," तो म्हणाला. "पण तुझ्याशी तर आम्ही दोघंही बोलत होतो ना गं?"

तो बाहेर गेला. आयुष्यभर मी या माणसाला उलट उत्तर दिलंय. त्या दिवशी नळ सोडला आणि भांडी घासत राहिले.